खांदेरीचा दिवा आणि सरखेल

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना कान्होजी आंग्रे आधी इंग्रजीतून भेटतात, तेही चक्क ‘पायरेट’ म्हणून! मला हे अजिबात पटत नाही. १६६९ मध्ये जन्मलेले कान्होजी १६९८ मध्ये मराठी आरमाराचे सरखेल झाले. १७१३ मध्ये शाहू महाराजांनीही ते पद कायम ठेवलं. किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजांनी त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचं. परवाना देणारा चाचा कसा? इंग्रजांना नेमकं हेच मान्य नव्हतं. १७१८ मध्ये ते मुंबई बंदराच्या तोंडाजवळच्या खांदेरीवर चालून आले आणि हात हलवत परतले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना घेऊन कुलाबा किल्ल्यावर आले, तिथेही तेच. कान्होजींची गलबतं हलकी, उथळ पाण्यातही चालणारी. वारा पडला की वल्ही मारायची. मोठी जहाजं तेव्हा जागच्या जागी!

१७२९ मध्ये ते वारले. समाधी अलिबागला आहे. पुढे खांदेरी इंग्रजांकडे गेली आणि १८६७ मध्ये तिथे दीपगृह झालं. आठकोनी मनोरा, उंची सुमारे २५ मीटर. दीपगृहाच्या लेन्समधले प्रिझम विखुरणारा प्रकाश वळवून आडव्या झोतात आणतात, म्हणून एवढासा दिवा मैलोन्‌मैल दिसतो. १९९८ मध्ये बेटाला कान्होजींचं नाव मिळालं. मुंबईत शिरणारी जहाजं आता त्यांच्याच नावाच्या दिव्यावरून वाट ओळखतात. दस्तक मात्र कुणी मागत नाही.