एरलांग : लाइनींचा हिशेब मांडणारा गणिती

मित्रांनो, एरलांग म्हटलं की टेलिकॉमवाल्यांना एकक आठवतं आणि कॉम्प्युटरवाल्यांना प्रोग्रामिंगची भाषा. पण या नावाचा एक माणूस होऊन गेला, हे किती जणांना ठाऊक आहे? डेटाबेसचा कनेक्शन पूल मला खऱ्या अर्थानं समजला तो याच माणसाच्या गणितामुळे. म्हणून हा लेखप्रपंच.

आग्नर क्रारुप एरलांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत मास्तर. भाऊ पुस्तक वाचत बसला की छोटा आग्नर समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूनं वाचायचा! वयाच्या चौदाव्या वर्षी खास परवानगी काढून त्यांनी विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा दिली. मग दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवलं. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०१ साली ते कोपनहेगन विद्यापीठातून गणित घेऊन बाहेर पडले. त्यानंतर सात वर्षं त्यांनी पुन्हा मास्तरकीच केली.

गणित मंडळाच्या बैठकांमध्ये त्यांची ओळख येन्सेन यांच्याशी झाली. आपण शिकतो ती येन्सेनची असमानता यांचीच. हे गृहस्थ कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते. त्यांच्यामुळे १९०८ साली एरलांग कंपनीत आले. तिथला प्रश्न साधा पण अवघड होता. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी लाइन ठेवणं परवडत नाही आणि कमी ठेवल्या तर लोक ताटकळतात. मग लाइनी ठेवायच्या किती? १९०९ आणि १९१७ च्या लेखांतून त्यांनी याचं उत्तर सूत्रांत मांडलं.

आता आपल्या विषयाकडे येऊ. समजा, सेकंदाला ५० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येक रिक्वेस्ट ०.१ सेकंद कनेक्शन अडवते. म्हणजे भार झाला ५ एरलांग. कनेक्शन ५ च ठेवली आणि रांग नसेल, तर शंभरातल्या सुमारे २८ रिक्वेस्ट परत जातात. १० ठेवली तर दोनही नाहीत! रांग ठेवली तरी ५ कनेक्शनवर ती वाढतच जाते.

पण हे गणित कधी खरं? तर घेतलेलं कनेक्शन परत आलं तर. आमचं पेडगाव परभणी-मनमाड लाइनवरचं स्टेशन. जुन्या पद्धतीत एकेरी लाइनवर टोकन हातात आल्याशिवाय गाडी सुटायची नाही आणि पुढच्या स्टेशनात ते जमा झाल्याशिवाय त्या टप्प्यात दुसरी गाडी जायची नाही. कनेक्शनचंही तसंच आहे. मध्येच एक्सेप्शन आलं आणि क्लोजची ओळ चुकली, की ते कनेक्शन अडकलं. दहाची नऊ, नवाची आठ... पाचवर आलं की रांग आवरत नाही. म्हणून क्लोज हे फायनली ब्लॉकमध्येच हवं. जावात २०११ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहेच. शिवाय वाट बघण्याला टाइमआउट हवा. पूल भरमसाठ वाढवणं हाही उपाय नव्हे, कारण पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस उभी राहते.

पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला सर्व्हर डाऊन झाला की खेड्यातला शेतकरी दिवसभर केंद्राच्या दारात बसून राहतो. कारणं अनेक असतात, पण त्यातलं एखादं आपल्यासारख्या कुणी विसरलेली एक ओळही असू शकते.

एरलांग नुसते टेबलावरचे गणिती नव्हते. जमिनीखालच्या तारांतली मापं घ्यायला ते शिडीवाला मजूर बरोबर घेऊन कोपनहेगनच्या रस्त्यांवर हिंडत. लग्न केलं नाही. पुस्तकं जमवली, गरजूंना मदत केली. जवळजवळ वीस वर्षं आजारपणाची रजा न घेता काम केलं. शस्त्रक्रियेनंतर ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी ते गेले. १९४६ साली टेलिफोनच्या भाराच्या एककाला त्यांचं नाव मिळालं.

तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्टमध्ये पूल साइज टाकताना अंदाजे आकडा ठोकू नका. रिक्वेस्ट मोजा, वेळ मोजा, गुणाकार करा. आणि घेतलेलं कनेक्शन परत करा!