नजर जात नाही, उजेड येतो

रमजानचा चाँद पाहायला लहानथोर सगळे गच्चीवर चढतात. कुणाला आधी दिसतो, कुणाला बोट दाखवूनही सापडत नाही. पण चाँद दिसला म्हणजे नेमके काय झाले? आपली नजर चंद्रापर्यंत गेली, की चंद्राचा उजेड आपल्या डोळ्यापर्यंत आला? आज शाळकरी मूलही याचे उत्तर देईल. हजार वर्षांपूर्वी मात्र युक्लिड आणि टॉलेमीसारख्या थोरांचा शब्द प्रमाण होता आणि त्यांच्या मते डोळ्यातून किरण बाहेर पडून वस्तूला जाऊन भिडत. हा समज ज्यांनी मोडून काढला, त्यांचे नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम.

त्यांचा जन्म इराकमधल्या बसरा शहरात, सन ९६५ च्या सुमारास झाला. गणितात आणि यंत्रविद्येत त्यांचे नाव झाले. नाईल नदीचे पाणी बांध घालून आवरता येईल, असे ते म्हणत असल्याची बातमी इजिप्तचा फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या कानावर गेली. त्याने त्यांना मानाने काहिराला बोलावून घेतले आणि माणसे देऊन नदीच्या वरच्या अंगाला पाठवले. अस्वानपर्यंतचा मुलूख पाहताना वाटेत त्यांना प्राचीन इजिप्शियन लोकांच्या भव्य इमारती दिसल्या. एवढे बांधू शकणाऱ्यांनी नाईल अडवली नाही, त्याअर्थी ते होण्यासारखे नाही, हे त्यांनी ओळखले. परत येऊन त्यांनी खलिफासमोर अपयश कबूल केले.

अल-हाकिम लहरी होता. त्याच्या रागाला कितीतरी दरबारी बळी पडले होते. जीव वाचवण्यासाठी इब्न अल-हैसम यांनी वेडाचे सोंग घेतले आणि खलिफाने त्यांना घरातच डांबून ठेवले, अशी हकिकत सुमारे दोनशे वर्षांनंतरच्या चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. १०२१ मध्ये खलिफा गेला आणि हे शहाणे गृहस्थ पुन्हा शहाणे झाले! पुढचे आयुष्य त्यांनी अल-अझहर मशिदीजवळ काढले. दरबारी नोकरीच्या वाटेला ते गेले नाहीत. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या सुबक नकला करून विकायच्या आणि त्या पैशांवर वर्ष काढायचे, असा त्यांचा चरितार्थ होता. ज्यांच्या पुस्तकांवर पोट चालले, त्यांच्याच चुका त्यांनी निर्भीडपणे दाखवून दिल्या. टॉलेमीवरच्या शंकांचा तर त्यांनी स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे ‘किताब अल-मनाझिर’, दृष्टीविषयीचे सात खंड. त्यातले दाखले घरगुती आहेत. सूर्याकडे टक लावून पाहिले तर डोळा दुखतो. डोळ्यातून काही बाहेर जात असते तर दुखायचे कारण काय? बाहेरून काहीतरी आत येऊन डोळ्यावर परिणाम करते, हे उघड आहे. दुसरा दाखला अंधाऱ्या खोलीचा. भिंतीला बारीक भोक ठेवायचे आणि बाहेर निरनिराळ्या जागी दिवे लावायचे. समोरच्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका उमटतो. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, बाकीचे तसेच राहतात. म्हणजे उजेड सरळ रेषेत येतो आणि एकमेकांत मिसळून गढूळ होत नाही. कुणी सांगितले म्हणून मानायचे नाही, करून पाहायचे, ही त्यांची रीत होती.

पण त्यांचीही एक चूक झाली. प्रतिमेची जाणीव डोळ्याच्या भिंगात होते, असे त्यांनी मानले. भिंगामागच्या पडद्याला अरबीत जाळीवरून ‘शबकिया’ म्हणत. लॅटिनमधला ‘रेटिना’ हा शब्दही जाळीवरूनच आला. इब्न अल-हैसम १०४० च्या सुमारास काहिरात वारले. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये उतरला, ‘अल्हाझेन’ या नावाने युरोपात वाचला गेला आणि १५७२ मध्ये बाझेलला छापला गेला. त्याच परंपरेत शिकलेल्या योहानेस केप्लरने १६०४ मध्ये दाखवून दिले की प्रतिमा भिंगावर नव्हे, मागच्या पडद्यावर पडते आणि तीही उलटी. गुरूची चूक गुरूच्याच रीतीने दुरुस्त झाली.

जिवंत माणसाचा तो पडदा पाहायला मात्र १८५१ उजाडावे लागले. हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या उपकरणाने डॉक्टरांना डोळ्याच्या आत डोकावता आले आणि काही वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरचे बदल नोंदवले. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, पाझरतात, पुढे नव्या ठिसूळ वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो.

उपचाराची कथाही सूर्यापाशीच येते. १९४५ च्या सूर्यग्रहणात उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेला एक रुग्ण जर्मन डॉक्टर मायर-श्विकेराथ यांच्याकडे आला. जो उजेड पडदा भाजतो, त्यानेच नेमका डाग देऊन पडदा वाचवता येईल का, असे त्यांना सुचले. त्यातूनच पुढे लेसरचा उपचार आला. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवले की मधुमेहाच्या गंभीर नेत्रविकारात लेसरमुळे तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनेही आहेत. पण गेलेली नजर परत आणण्यापेक्षा असलेली राखणे सोपे.

अडचण एवढीच की हा आजार सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही आणि नजरही कमी होत नाही. ईदचा चाँद लख्ख दिसला म्हणून पडदा शाबूत आहे, असे ठरत नाही. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने, मग तो रोजा धरणारा असो वा एकादशी करणारा, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. आपल्याला दिसते आहे ना, एवढ्यावर विसंबून राहू नये. इब्न अल-हैसम तरी कुठे राहिले होते?