वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार हाफकिन (जन्म : ओडेसा, १५ मार्च १८६०, मृत्यू : लोझान, स्वित्झर्लंड, २६ ऑक्टोबर १९३०) हे पटकी व प्लेग या रोगांवर प्रतिबंधक लसी तयार करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

प्रारंभिक जीवन

हाफकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात ते इल्या मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी होते. शरीरातील काही पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा शोध मेचनिकॉव्ह यांचाच होय. १८८८ मध्ये हाफकिन जिनिव्हा येथे गेले. पुढील वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना साहाय्यक ग्रंथपालाचे काम मिळाले व तेथेच त्यांचे संशोधन सुरू झाले.

पटकीची लस

पटकीच्या जंतूंपासून तयार केलेली लस हाफकिन यांनी १८ जुलै १८९२ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. कोलकात्याच्या एका वस्तीत काहींनी लस घेतली होती, काहींनी नव्हती. पुढे तेथे आढळलेले पटकीचे रुग्ण लस न घेतलेल्यांपैकीच होते. लस घेतलेल्या व न घेतलेल्या माणसांची अशी तुलना करण्याची पद्धत त्यांनी पुढेही कायम ठेवली.

प्लेगची लस

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी सुमारे तीन महिन्यांत लस तयार केली.

मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की प्लेगचे जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढत. काही आठवड्यांनी हे सर्व मिश्रण उष्णता देऊन निर्जीव केले जाई. जंतू वेगळे काढून उरलेला द्रव टाकून न देणे, हे या लसीचे वैशिष्ट्य होते. जंतूंची शरीरे व त्यांनी द्रवात सोडलेले पदार्थ अशा दोहोंची ओळख शरीराला व्हावी, असा हाफकिन यांचा विचार होता. जीवाणू सूक्ष्म आवरणयुक्त पुटिका बाहेर टाकतात व त्या प्रतिकारशक्ती जागृत करू शकतात, हे पुढील काळात स्पष्ट झाले. मेंदूज्वराच्या एका प्रकारावरील आधुनिक लसीत अशा पुटिकांचा उपयोग केला जातो.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. लसीमुळे ताप येई व सूज चढे, तसेच तिचे संरक्षण पूर्ण नव्हते.

त्या काळी प्लेगनिवारणाच्या सक्तीच्या उपायांमुळे जनतेत तीव्र असंतोष होता. पुण्यात २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली ती याच पार्श्वभूमीवर. लस मात्र ऐच्छिक असावी, असे हाफकिन यांचे मत होते. तिसरे आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली व माझगाव येथील आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली.

मुल्कोवाल दुर्घटना

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष प्रयोगशाळेवर ठेवून हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. मात्र बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो योग्य रीतीने निर्जंतुक केला गेला नव्हता, असे चौकशीतील साक्षींतून दिसून आले. त्याच लसीच्या इतर बाटल्यांपासून कोणालाही अपाय झाला नव्हता. रोनाल्ड रॉस व अन्य शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये त्यांची बाजू जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले, पण परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना पुन्हा मिळाले नाही.

उत्तरायुष्य व स्मृती

त्यानंतर हाफकिन यांनी कोलकात्यात काम केले व १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.