जावजी दादाजी

मुलांनो, आज अक्षरे संगणकाच्या पडद्यावर क्षणात उमटतात. पूर्वी मात्र पुस्तकातील प्रत्येक अक्षरासाठी शिशाचा एक खिळा लागत असे.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब घरी झाला. शाळा त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. ओतलेल्या खिळ्यांच्या कडा घासून साफ करावयाच्या, एवढेच ते काम. परंतु घासता घासता या मुलाची दृष्टी अक्षरांच्या वळणावर खिळली.

देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात. एकाची शिरोरेषा वरखाली झाली, की सारी ओळ वाकडी दिसते. प्रत्येक अक्षर प्रथम पोलादी ठशावर उलटे कोरावयाचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा आणि साच्यात शिशाचा रस ओतावयाचा. कोरण्याचे नाजूक काम जावजींचे मित्र राणोजी रावजी आरू यांचे. अक्षर वाचताना ते कोरणारा कोणाला आठवतो?

जावजींनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. पोथ्यांत पडून राहिलेली संस्कृत काव्ये १८८६ पासून त्यांच्या ‘काव्यमाले’त छापून निघू लागली. निर्णयसागरचे सुबक, शुद्ध ग्रंथ दूरदूरच्या पंडितांच्या हाती पोहोचले.

१८९२ साली जावजी वारले. छापखाना पुढे त्यांच्या मुलाने चालविला. निर्णयसागरच्या जुन्या ग्रंथांवर त्याचे नाव ‘तुकाराम जावजी’ असे छापलेले आढळते.