रॉजर शर्मन : रापीपासून राज्यघटनेपर्यंत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची उभारणी ज्या चार दस्तऐवजांवर झाली, त्या चारही दस्तऐवजांवर स्वाक्षरी असलेली व्यक्ती इतिहासात एकच आहे. १७७४ चा ब्रिटिश मालावरील बहिष्काराचा करार, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८१ मध्ये अमलात आलेली संघराज्याची पहिली सनद आणि १७८७ ची राज्यघटना, हे ते चार दस्तऐवज. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, जेफरसन ही नावे आपल्या पाठ्यपुस्तकांतून आपल्याला परिचित असतात. परंतु यांपैकी कोणालाही हा मान लाभला नाही. तो लाभला कनेक्टिकटच्या रॉजर शर्मन यांना, ज्यांनी ऐन उमेदीची वर्षे जोडे शिवण्यात घालवली होती.

शर्मन यांचा जन्म १७२१ च्या एप्रिल महिन्यात मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन या गावी झाला. ते दोन वर्षांचे असताना कुटुंब स्टॉटन या वस्तीत राहावयास गेले. वडील विल्यम शर्मन शेती करीत आणि जोडीला जोडे शिवीत. रॉजर यांनी हीच कला वडिलांकडून आत्मसात केली. त्या समाजात चर्मकाराचा धंदा जन्माने कोणाच्या माथी मारला जात नसे व तो सोडण्यास कोणाची आडकाठीही नसे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि हार्वर्ड किंवा येलच्या पदवीधरांनी भरलेल्या सभांमधून अशा माणसाला मानाचे स्थान सहज मिळत असे, असेही नाही. गावच्या शाळेतील जुजबी शिक्षणापलीकडे त्यांना औपचारिक शिक्षण मिळाले नाही. गावचे धर्मोपदेशक सॅम्युअल डनबार हे हार्वर्डमध्ये शिकलेले होते. त्यांनी या मुलाची जिज्ञासा हेरली व त्याला वाचनाची वाट दाखविली. कलबुतावर जोडा चढवून आरी चालवीत असतानाही समोर पुस्तक उघडे असे, अशी आख्यायिका त्यांच्याविषयी सांगितली जाते. आख्यायिका शब्दशः खरी असो वा नसो, पुढील आयुष्यात त्यांनी जे गणित, जे खगोल व जो कायदा आत्मसात केला, तो कोणत्याही महाविद्यालयात केला नव्हता एवढे निश्चित.

१७४१ मध्ये वडील निवर्तले आणि आई व धाकटी भावंडे यांचा भार विशीतील रॉजर यांच्यावर आला. दोन वर्षांनी सारे कुटुंब कनेक्टिकटमधील न्यू मिल्फर्ड येथे स्थलांतरित झाले. येथे त्यांनी भावासोबत किराणा व इतर मालाचे दुकान चालविले. गणितावरील प्रभुत्वामुळे १७४५ मध्ये त्यांची भूमापक म्हणून नेमणूक झाली. नव्याने वसणाऱ्या त्या प्रदेशात जमिनीच्या हद्दी ठरविणाऱ्या माणसाला काम भरपूर आणि मोबदलाही चांगला मिळे. हळूहळू रापी बाजूला पडली. १७५० पासून अनेक वर्षे त्यांनी स्वतःच्या खगोलीय गणितावर आधारित पंचांगे प्रसिद्ध केली.

याच काळातील एका लहानशा पुस्तिकेकडे अभ्यासकांनी जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शेजारच्या वसाहतींनी छापलेल्या कागदी नोटा कनेक्टिकटमध्ये चलनात येत व त्यांचे मूल्य सतत घसरत असे. उधारीवर माल देणाऱ्या दुकानदाराला वसुलीच्या वेळी ठरलेल्या रकमेचा अंशच हाती येई. शर्मन यांना याची झळ दुकानात बसून लागली होती. १७५२ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्यांनी मांडले की, ज्या माध्यमाचे मूल्य स्थिर नाही ते विनिमयाचे माध्यम म्हणून लोकांवर लादणे हा उघड अन्याय आहे. पस्तीस वर्षांनी, २८ ऑगस्ट १७८७ रोजी, राज्यघटना तयार करणाऱ्या परिषदेत राज्यांना कागदी चलन काढण्यास पूर्ण मनाई करावी असा प्रस्ताव जेम्स विल्सन यांच्यासह मांडणारे शर्मनच होते, आणि ती मनाई घटनेत आजही आहे.

१७५४ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली. कायदा त्यांनी स्वतःच वाचला होता. पुढील वर्षीच ते वसाहतीच्या विधिमंडळात निवडून गेले. १७६० मध्ये पहिल्या पत्नी एलिझाबेथ यांचे निधन झाल्यावर ते न्यू हेवन येथे आले व १७६३ मध्ये रिबेका प्रेस्कॉट यांच्याशी विवाहबद्ध झाले. दोन्ही विवाहांतून त्यांना पंधरा अपत्ये झाली. न्यू हेवनमध्ये पदांची रीघच लागली. १७६५ पासून येल महाविद्यालयाचे खजिनदार, १७६६ पासून वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश आणि त्याच वर्षापासून विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य. ज्या महाविद्यालयाची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधी चढले नव्हते, त्याने १७६८ मध्ये त्यांना सन्मान्य पदवी दिली. न्यायदान व कायदेमंडळ ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असणे आज आपल्याला खटकेल. पुढे कनेक्टिकटलाही ते खटकले. दोहोंपैकी एक निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी न्यायासन पसंत केले.

१७७४ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या काँग्रेसमध्ये ते कनेक्टिकटचे प्रतिनिधी होते. वक्ता म्हणून ते मुळीच प्रभावी नव्हते. हातवारे ताठर, उच्चार ग्रामीण, उभे राहण्याची ढब अवघडलेली. सहकाऱ्यांनी या साऱ्याची नोंद थट्टेच्या सुरात केली आहे. त्याच नोंदींमध्ये त्यांच्या विवेकबुद्धीची व सचोटीची प्रशंसाही आढळते. त्यांच्यावर सोपविलेल्या कामांवरून त्यांचे वजन कळते. १७७६ च्या जून महिन्यात, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, ते तीन समित्यांवर नेमले गेले : जाहीरनाम्याचा मसुदा करणारी पाच जणांची समिती, संघराज्याच्या सनदेची समिती आणि युद्धाचा कारभार पाहणारे मंडळ. मसुदा जेफरसन यांनी लिहिला. सैन्याला कपडे, अन्न व दारूगोळा कसा पोहोचेल याचा हिशेब करणाऱ्यांत शर्मन होते.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे १७८७ चा उन्हाळा. ते सहासष्ट वर्षांचे होते. परिषदेत त्यांच्याहून वयोवृद्ध फक्त फ्रँकलिन होते. पेच असा होता की, मोठ्या राज्यांना कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांत लोकसंख्येनुसार जागा हव्या होत्या, तर लहान राज्ये समान मताचा हक्क सोडण्यास तयार नव्हती. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख भरली आणि डेलावेअरची साठ हजारांहून कमी, एवढ्यावरून भीतीचे कारण ध्यानात यावे. ११ जून रोजी शर्मन यांनी सुचविले की, कनिष्ठ सभागृहात स्वतंत्र रहिवाशांच्या संख्येनुसार प्रतिनिधित्व असावे व वरिष्ठ सभागृहात प्रत्येक राज्याला एक मत असावे. वरिष्ठ सभागृहातील समान मताचा भाग पाच विरुद्ध सहा मतांनी फेटाळला गेला. ते खचले नाहीत. २ जुलै रोजी हाच प्रश्न समसमान मतांवर अडकला आणि प्रत्येक राज्यातून एक सदस्य घेऊन समिती नेमण्यात आली. कनेक्टिकटचे ऑलिव्हर एल्सवर्थ आजारी पडल्याने त्यांच्या जागी शर्मन बसले. अखेर १६ जुलै रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तडजोड मान्य झाली. अमेरिकेच्या सिनेटमध्ये आजही लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा आहेत. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला एकोणीस व गोव्याला एक जागा आहे. आपल्या घटनाकारांनी हा मार्ग स्वीकारला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

या तडजोडीची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. शर्मन यांच्या सूचनेत केवळ स्वतंत्र रहिवाशांची गणना होती. परंतु त्याच दिवशी पाच गुलामांची गणना तीन माणसांबरोबर करण्याचे सूत्र पुढे आले व तेच घटनेत गेले. गुलामांचा व्यापार त्यांना अनुचित वाटत होता. माणसे ही मालमत्ता आहे असे सूचित करणाऱ्या कराच्या तरतुदीवरही त्यांनी आक्षेप घेतला. तरीही दक्षिणेकडील राज्ये संघात यावीत म्हणून तो व्यापार तूर्त आहे तसा चालू द्यावा, असेच त्यांनी सुचविले. संघ टिकला; त्याची किंमत ज्यांनी मोजली ते त्या दालनात नव्हते. कनेक्टिकटमध्ये मात्र रिचर्ड लॉ यांच्यासह त्यांनी सुधारलेल्या विधिसंहितेत, १ मार्च १७८४ नंतर गुलाम मातेच्या पोटी जन्मणारे मूल वयाच्या पंचविसाव्या वर्षी मुक्त होईल, अशी तरतूद आली. पंचवीस वर्षे हा कालावधी लहान नव्हे. त्या राज्यात गुलामगिरी पूर्णतः संपण्यास १८४८ साल उजाडावे लागले.

सामान्य जनतेच्या थेट मतदानावरही त्यांचा विश्वास बेताचाच होता. मूलभूत हक्कांची वेगळी यादी घटनेत आवश्यक आहे, असेही त्यांना वाटत नव्हते. गंमत अशी की, १७८९ च्या पहिल्या प्रतिनिधिगृहात या हक्कांची दुरुस्ती आली तेव्हा ती मूळ मजकुरात मिसळू नये, शेवटी स्वतंत्रपणे जोडावी, हा आग्रह त्यांचाच होता. मॅडिसन यांचे मत वेगळे होते. आज ते हक्क एका सलग यादीच्या रूपाने ओळखले जातात, ते शर्मन यांच्या या आग्रहामुळे.

१७९१ मध्ये विल्यम सॅम्युअल जॉन्सन यांनी सिनेटचा राजीनामा दिला व त्या जागी शर्मन गेले. हे जॉन्सन न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. सव्वाशे वर्षांच्या आत, १९१३ मध्ये, त्याच संस्थेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १७८४ पासून शर्मन न्यू हेवनचे महापौरही होते आणि ते पद अखेरपर्यंत त्यांच्याकडे राहिले. एवढी पदे भूषवूनही उतारवयात त्यांची आर्थिक स्थिती बेताची होती. मुलांच्या व्यापारातील अपयशाचा भारही त्यांच्यावर पडला. २३ जुलै १७९३ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कन्येचा मुलगा रॉजर शर्मन बाल्डविन पुढे न्यू हेवनमध्येच वकिली करू लागला. १८३९ मध्ये आमिस्ताद या जहाजावर बंड करून स्वतःला सोडविणारे आफ्रिकी लोक तेथील तुरुंगात आणले गेले, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणाऱ्यांत तो होता. १८४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याच्या जोडीला उभे राहिले ते माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स. त्यांचे वडील जॉन ॲडम्स हे १७७६ च्या पाच जणांच्या समितीत शर्मन यांच्यासोबत होते. ९ मार्च रोजी न्यायालयाने त्या लोकांना मुक्त ठरविले आणि त्यांपैकी जे जिवंत राहिले होते ते त्याच वर्षाच्या अखेरीस जहाजाने आफ्रिकेकडे परत निघाले.