चिंतामणरावांची सहा वर्षे

महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख आय.सी.एस. होऊन मध्यप्रांत-वऱ्हाडात आले आणि नागपूरच्या सचिवालयात अर्थसचिव झाले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० साली केंद्रीय अर्थमंत्री.

मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावर १९४७च्या अर्थसंकल्पाने कर बसवला होता. १९४९मध्ये तो उठला. म्हणून देशमुखांच्या सहा वर्षांत, समजा, धंतोलीतले वीस हजारांचे घर कुणी तीस हजारांना विकले, तर वरचे दहा हजार बिनकरी. (बँकेत माझ्यासमोर बसणारे कित्येकजण सगळ्या तीस हजारांनाच नफा समजून घाबरत!) त्या दहांतही कमाई किती आणि महागाईची सूज किती, हे युद्धकाळात रुपया सांभाळलेल्या देशमुखांइतके कोणाला कळणार?

१९५६ साली केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ कॅल्डॉर यांनी हा कर पुन्हा लावण्याची शिफारस केली. पण जुलैत मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपदच सोडले. वर्षअखेरीस कर आणला तो कृष्णम्माचारींनी. देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कामाला लागले होते.