कराची ते जुहू

मानवत रोडला रात्री गाडीत बसावे आणि सकाळी मुंबईत उतरावे, असा प्रवास बँकेच्या नोकरीत मी कितीदा तरी केला. बर्थवर झोप येत नसे, तेव्हा एक हिशेब डोक्यात घोळे. मला मुंबई गाठायला लागतो त्याहून कमी वेळात जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला आले होते. तेही १९३२ साली!

जेआरडींचा जन्म १९०४ चा, पॅरिसचा. आई फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या ज्या समुद्रकाठी जाई, तिथेच इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्या ब्लेरियोचे घर होते. विमानाचे वेड लागले ते तिथे. १९२९ च्या फेब्रुवारीत त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला. पुढच्याच वर्षी आगाखान स्पर्धेत ते उतरले. वाटेत इजिप्तमध्ये प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनियर स्पार्क प्लगवाचून अडकलेला दिसला, तर यांनी आपल्याजवळचा देऊन टाकला. स्पर्धा अस्पीने जिंकली!

त्या काळी लंडनची हवाई टपाल कराचीपर्यंतच येई. पुढे आगगाडी. पत्र एक दिवस उशिरा आले तर काय अडते, हे व्यापाऱ्याला विचारावे. आमच्या शाखेत परगावचे ड्राफ्ट टपालाने येत, तेव्हा कापसाच्या हंगामात गावातले आडते पोस्टमनची वाट पाहत दारात उभे असत.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी अठ्ठावीस वर्षांचे जेआरडी टपालाची पोती घेऊन कराचीच्या ड्रिग रोडवरून एकटेच निघाले. एका इंजिनाचे पस मॉथ विमान, ना रेडिओ, ना वाट दाखवणारे कुणी. सरळ अंतर पावणेनऊशे किलोमीटर, पण पेट्रोलसाठी अहमदाबादला उतरायचे म्हणजे हजारावर. तिथे पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून! दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या मातीवर टेकले. पुढे तीच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. पावसाळ्यात जुहूला चिखल होई, मग मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

यातूनच एअर इंडिया उभी राहिली. १९४८ मध्ये तिचे विमान लंडनला गेले, १९५३ मध्ये ती सरकारची झाली. तरी अध्यक्ष जेआरडीच राहिले. १९७८ मध्ये सरकारने त्यांना दूर केले. ते मला आजही खटकते.

१९८२ मध्ये, पन्नास वर्षे झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी तसल्याच जुन्या घडणीच्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा कराचीहून जुहूला आले. मधली सरहद्द त्या दिवशी उघडली होती. १९९३ मध्ये जिनिव्हात ते गेले.

आज जेट विमानाला हे अंतर दीड तासाचे. पण थेट विमानच नाही. कराचीच्या माणसाला मुंबईला यायचे तर आधी दुबईकडे, उलट्या दिशेने जावे लागते. बैलगाडीतून पेट्रोल आणणाऱ्या त्या दिवसापेक्षाही जास्त वेळ त्यात सहज मोडतो.